सीमाप्रश्नाच्या दाव्याला सुप्रीम कोर्टात वेळ कधी मिळणार?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबलंय त्याबद्दल आधीच माफी मागतो, पण सुप्रीम कोर्टाच्या वेळेचा आणि तिथं अडकलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या दाव्याचा हा विषय बरीच वर्षं मनात घोळतोय आणि मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरातलं एक हेडिंग वाचून राहवलं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या वादाची बातमी होती आणि वर मोठ्या अक्षरात 'सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब'. बातमी शेवटपर्यंत वाचली तर आत एवढंच होतं की हायकोर्टाच्या निकालाविरुद्धची विशेष अनुमती याचिका सुप्रीम कोर्टानं फेटाळली. आता हे शिक्कामोर्तब नव्हे हो. हा फरक मलाही माहीत नव्हता, मी दिल्लीपर्यंत जाऊन, पदरचे पैसे घालवून शिकलोय, म्हणून लिहितोय.

मी पोस्टातून रिटायर झालो. गाव कागल तालुक्यात, नोकरीची बहुतेक वर्षंही याच भागात गेली. पोस्टातल्या माणसाला कोर्टाचं पाकीट हातात घेतल्या घेतल्या कळतं, तालुक्याचं समन्स वेगळं, जिल्हा कोर्टाची नोटीस वेगळी, मुंबई हायकोर्टाचं जाड पाकीट वेगळं, आणि वर्षातून एखाद-दुसरं दिल्लीचं यायचं. दिल्लीचं आलं की एडीच्या, म्हणजे पोचपावतीच्या कार्डावर सही करताना माणसाचा हात थरथरायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "साहेब, मला धरून न्यायचं लिहिलंय का यात?" काही नव्हतं, समोरच्या पार्टीनं जमिनीच्या केसमध्ये वर अर्ज केला होता त्याची नोटीस. पण सुप्रीम कोर्ट या नावाचा वचक असा आहे. रजिस्टर पोस्टच आता स्पीड पोस्टात विलीन झालं, ते असो.

आमची स्वतःची केस वाटपाची. वडील आणि चुलते यांच्यात विहिरीजवळच्या अकरा गुंठ्यांवरून १९९४ साली दावा लागला. तालुक्याच्या कोर्टात आमच्या बाजूनं निकाल, कोल्हापूरला जिल्हा कोर्टात उलटा, मग मुंबईला सेकंड अपील. सेकंड अपीलमध्ये हायकोर्ट साक्षीपुरावे परत तपासत बसत नाही, कायद्याचा काही महत्त्वाचा मुद्दा असेल तरच ऐकतं, हे आम्हाला तेव्हा कुणी नीट सांगितलंच नाही. २०१५ ला तिथं फेटाळलं गेलं. तोवर वडील गेले, चुलतेही गेले, भांडण मात्र आमच्याकडं वारसानं आलं. धाकटा भाऊ हट्टाला पेटला की आता सुप्रीम कोर्टात जायचंच, वडिलांची इच्छा होती. मग दिल्लीत फाईल करायला अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड लागतो, साध्या वकिलाला तिथं केस दाखल करता येत नाही, ते शोधणं आलं, त्यांच्यावर उभं राहून बोलणारे सिनिअर वेगळे, आणि सातबारा, फेरफार, साक्षी-जबाब जे काही मराठीत होतं ते सगळं इंग्रजीत करून द्यायचं, पानामागं पैसे. एवढं करून अकरा गुंठे राहिले तिथंच.

२०१६ साली आम्ही दोघं भाऊ निजामुद्दीन गाडीनं दीड दिवसाचा प्रवास करून गेलो. सोमवार होता. सोमवार आणि शुक्रवार हे तिथं नव्या अर्जांचे दिवस. गेटवर फोटो काढून पास दिला, मोबाईल बाहेर ठेवून घेतले. आत लांबलचक व्हरांडा, प्रत्येक कोर्टाबाहेर बोर्ड आणि त्यावर कुठला नंबर चालू आहे ते आकडे पळत होते, आणि काळे कोट घातलेली एवढी माणसं की आत जायला अंग चोरून जावं लागत होतं. आमचा नंबर सत्तेचाळीसावा. पुकारा झाला, आमचे सिनिअर दोन वाक्यं बोलले, मधल्या... नाही, दोनच जज होते, त्यातल्या एकांनी मान वर करून इंग्रजीत एक प्रश्न विचारला, वकिलांनी काहीतरी उत्तर दिलं, दोघं एकमेकांकडं वळून काही बोलले आणि 'डिसमिस्ड'. लगेच अठ्ठेचाळीसावा नंबर. भाऊ माझ्या दंडाला धरून विचारतोय, "आपलं सुरू झालं का?" आणि मला सांगावं लागलं की झालं, संपलं. एक मिनिट झालं असेल नसेल. बाहेर येऊन फुटपाथवर झाडाखाली बसलो, घरनं दिलेल्या दशम्या पिशवीत होत्या त्या काढल्या, पण भावानं घासही खाल्ला नाही.

मला त्या जजसाहेबांचा राग नाही, हे मनापासून सांगतो. त्यांच्यापुढं त्या एका दिवसात साठ-सत्तर असे अर्ज होते आणि फाईली घरी वाचून आलेले दिसत होते, कारण प्रश्न विचारला तो नेमका दुखऱ्या जागेवर होता. चूक त्यांची नव्हती. आम्ही तिथं असायलाच नको होतं.

नंतर मी वाचायला लागलो. रिटायर माणसाला वेळ असतो, आणि आता सुप्रीम कोर्टाच्या बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही वेबसाइटवर मिळतात, ही फार चांगली गोष्ट झालीय कारण कोर्टाचं कामकाज घटनेच्या ३४८ कलमानं इंग्रजीतच चालतं. तर कळलं असं की, आपण ज्याला सुप्रीम कोर्टात अपील म्हणतो ते बहुतेक वेळा अपील नसतंच. घटनेच्या १३६ व्या कलमाखाली अपील करायची परवानगी द्या म्हणून केलेला तो अर्ज असतो, एसएलपी, म्हणजे वर म्हटलेली विशेष अनुमती याचिका. परवानगी देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर, पक्षकाराचा तो हक्क नाही. कोर्टानं कारण न देता एसएलपी फेटाळली तर त्याचा अर्थ फक्त 'आम्हाला यात हात घालायचा नाही' एवढाच. हायकोर्टाचा निकाल बरोबर होता असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं, असा अर्थ काढता येत नाही, कुन्हायम्मेद विरुद्ध केरळ सरकार या केसमध्ये २००० सालीच कोर्टानं स्वतः हे साफ सांगितलंय. पक्षकारापुरता हायकोर्टाचा निकाल कायम राहतो, ते खरं. पण १४१ व्या कलमानं देशातल्या सगळ्या कोर्टांना बांधील असा जो कायदा सुप्रीम कोर्ट घालून देतं, तो अशा एका शब्दाच्या फेटाळणीतून तयार होत नाही. म्हणून म्हणतो, शिक्कामोर्तब लिहू नका. गावात ती बातमी वाचून माणसं म्हणतात, दिल्लीनं पण सांगितलं बघ. दिल्लीनं काहीच सांगितलेलं नसतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सुप्रीम कोर्टात आज ८०,००० च्या वर केसेस पडून आहेत. जज किती, तर सरन्यायाधीश धरून मंजूर जागा ३४. २८ जानेवारी १९५० ला कोर्ट सुरू झालं तेव्हा आठ होत्या, वाढवत वाढवत २०१९ ला ३४ केल्या. एवढे जज एकत्र कधी बसत नाहीत, दोन-दोन, तीन-तीनचे बेंच करून बसतात, आणि त्यांचा बराचसा दिवस आमच्यासारख्यांच्या परवानगीच्या अर्जांत जातो. मग जे काम या देशात दुसरं कुठलंच कोर्ट करू शकत नाही, त्याला वेळ उरत नाही.

ते काम काय? दोन राज्यांचं भांडण, किंवा केंद्र आणि राज्याचं भांडण, कलम १३१, हे थेट सुप्रीम कोर्टातच जातं, खाली कुठं जाताच येत नाही. मूलभूत हक्कांसाठी थेट जाता येतं ते कलम ३२, ज्याला बाबासाहेबांनी घटना समितीत घटनेचा आत्मा म्हटलं, हृदय म्हटलं. राष्ट्रपतींनी सल्ला मागितला तर तो देणं, कलम १४३. आणि घटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच जजांनी बसायचं, हे कलम १४५ मध्ये लिहिलेलं आहे.

याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे केशवानंद भारती. मला त्या केसबद्दल विशेष आपुलकी आहे, कारण ती पण मुळात जमिनीचीच. केरळातल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे ते स्वामी, मठाच्या जमिनीवर राज्याचा जमीन सुधारणा कायदा लागू होत होता म्हणून १९७० साली सुप्रीम कोर्टात गेले. त्यातून प्रश्न उभा राहिला की संसदेला घटना किती बदलता येते, पार मुळापासून बदलता येते का. स्वामींच्या बाजूनं नानी पालखीवाला, केरळच्या बाजूनं आपल्या मुंबईचेच सीरवाई. तेरा जज एकत्र बसले आणि ६८ दिवस ऐकलं. ६८ दिवस, साहेब! २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल लागला की घटना बदला, पण तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. स्वामींना स्वतःला जमिनीच्या बाबतीत फार काही मिळालं नाही, पण देशाला जे मिळालं त्याच्यावर आपण आज पन्नास वर्षांनंतरही उभे आहोत. मला सारखं वाटतं, आज ती केस आली तर तेरा जजांना ६८ दिवस मोकळे कुठून आणणार?

आणि वेळ देऊन, शांत डोक्यानं निकाल देणं यासाठी पण हवं की सुप्रीम कोर्टाच्या वर कुणी नाही. खालच्या कोर्टाची चूक वरचं सुधारतं, याची चूक कोण सुधारणार? रिव्ह्यू म्हणजे फेरविचाराचा अर्ज आहे, तोही फेटाळला तर शेवटचा क्युरेटिव्ह अर्ज आहे, पण तेही त्यांच्याचकडं. आणीबाणीत आमच्या शाळेतले एक सर मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय कैदेत ठेवायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या जेलात होते, मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. मुंबईसह देशातल्या नऊ हायकोर्टांनी म्हटलं होतं की कैदेतल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एकनं ते सगळं फिरवलं. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले आणि त्याची किंमत म्हणून पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपद गेलं त्यांचं. तो निकाल चुकीचा होता असं कोर्टानं स्पष्टपणे म्हणायला २०१७ साल उजाडलं, नऊ जज बसले तेव्हा, आणि मूळ निकालात सामील असलेल्या यशवंतराव चंद्रचूडांचा मुलगाच ते लिहिणाऱ्यांत होता. एकेचाळीस वर्षं लागली. सरांच्या घरी तेव्हा काय चाललं होतं ते आम्ही पोरांनी बघितलंय, त्यांची बायको शिकवण्या घ्यायची आणि पोस्टकार्डाची वाट बघायची.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. माझी मावशी लग्न होऊन निपाणीला गेली, आमच्या गावापासून अर्ध्या तासावर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी, कारवारचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून तिकडची मराठी माणसं दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, मावशी पण दारावर काळी फीत लावायची. १९६६ साली महाजन आयोग नेमला, ते महाजन म्हणजे स्वतः माजी सरन्यायाधीश, त्यांचा अहवाल १९६७ ला आला, तो महाराष्ट्रानं मानला नाही, कर्नाटक म्हणतं तोच अंतिम. असं करत करत शेवटी २००४ साली महाराष्ट्र सरकारनं कलम १३१ खाली सुप्रीम कोर्टात दावा लावला. ८६५ गावांचा हा प्रश्न. कर्नाटकचं म्हणणं की राज्यांच्या हद्दी ठरवणं घटनेच्या तिसऱ्या कलमानं संसदेचं काम, कोर्टाचं नाही.

मावशीनं २००४ सालचं त्या बातमीचं कात्रण काढून पत्र्याच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवलं होतं. ती शिकलेली चौथीपर्यंत, पण पेपर रोज वाचायची, आणि मी गेलो की पहिला प्रश्न, "दिल्लीचं काय कळलं?" मी पोस्टात म्हणून तिला वाटायचं निकाल आला तर मला आधी कळणार. घरच्या जमिनीचा उतारा कन्नडमधून यायचा, तो वाचून घ्यायला ती शेजारच्या पोराला बोलवायची, स्वतःच्याच जमिनीचा कागद. २०१९ ला मावशी गेली. दावा अजून आहे.

माझं मत मी लपवत नाही, निकाल आपल्या बाजूनं लागावा असंच मला वाटतं. पण उद्या कोर्ट म्हणालं की कर्नाटकचं बरोबर आहे, हद्द ठरवणं आमच्या हातात नाही, संसदेकडं जा, तर तेही चालेल. निदान पुढं कुठं जायचं ते तरी कळेल. वीस वर्षांच्या वर दोन राज्यं एका कागदावर अडकून बसलीत, अधूनमधून बसवर दगड पडतात, पाट्यांना काळं फासतात, दोन्हीकडचे पुढारी भाषणं करतात, आणि ज्या एका जागी हा प्रश्न कायद्यानं सुटायचा त्या जागेला वेळ नाही. म्हणजे आमच्या अकरा गुंठ्यांना त्या कोर्टात एक मिनिट का होईना मिळालं ते कुणाच्या तरी वाट्यातून गेलं, हे कळल्यापासून मला शांत वाटत नाही.

हे फक्त सीमाप्रश्नाचं नाही. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुप्रीम कोर्टात होता तोवर आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका अडकल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, कोल्हापूर महापालिकेवर तर नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक, आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या असा कोर्टाचा आदेश आला ६ मे २०२५ ला. मधली सगळी वर्षं नगरसेवक नाही, गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला, वॉर्डातली बाई हातात अर्ज घेऊन अधिकाऱ्याच्या दारात उभी. आणि मनात आणलं तर हेच कोर्ट किती झपाट्यानं काम करतं बघा. चंदीगडच्या महापौर निवडणुकीत ३० जानेवारी २०२४ ला आठ मतं बाद केली, कोर्टानं मतपत्रिकाच दिल्लीला मागवून स्वतः बघितल्या आणि २० फेब्रुवारीला, तीन आठवड्यांत, जो खरा निवडून आला होता त्याला महापौर जाहीर केलं. पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश द्यायची ताकद कलम १४२ नं याच कोर्टाला दिलीय, दुसऱ्या कुणाला नाही. त्याच कलमानं त्याच वर्षी एका गरीब घरच्या दलित मुलाला, ज्याची १७,५०० रुपये फी भरायची वेळ थोडक्यात चुकली होती, धनबादच्या आयआयटीत जागा मिळवून दिली. वाचून मला रडू आलं होतं.

पण कामाच्या गर्दीमुळं आणखी एक होतंय, पाच जजांनी ठरवायचे प्रश्न दोन जज ठरवतात आणि मग ते उलटतात. तमिळनाडूच्या राज्यपालांनी बिलं अडवली त्यावर ८ एप्रिल २०२५ ला दोन जजांनी राष्ट्रपती-राज्यपालांना मुदत घालून दिली, त्यावर राष्ट्रपतींनी कोर्टाचा सल्ला मागितला, आणि २० नोव्हेंबरला पाच जजांनी सांगितलं की अशी मुदत कोर्टाला घालता येत नाही. कुठलं मत बरोबर यावर मोठमोठे वकील भांडतील, माझं म्हणणं एवढंच की पाच जण पहिल्याच दिवशी बसले असते तर? भटक्या कुत्र्यांचं तेच, ११ ऑगस्टला दोन जजांचा एक आदेश, २२ ऑगस्टला तीन जजांनी तो बदलला. लोकांनी कुठला धरायचा?

पाच जज बसतात तेव्हा ते काम कसं दिसतं हेही मी बघितलंय. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाची सुनावणी लाईव्ह दाखवतात. २०२३ ला शिवसेनेच्या केसची सुनावणी मी मोबाईलवर बघत बसायचो, इंग्रजी अर्धं कळायचं, नात कॉलेजला आहे ती शेजारी बसून सांगायची. जज प्रश्न विचारतायत, वकील थांबून विचार करून उत्तर देतायत, जुने निकाल काढून वाचतायत, दिवसचे दिवस. ११ मे ला निकाल आला की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते बरोबर नव्हतं, पण ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळं त्यांना परत बसवता येत नाही, आणि अपात्रतेचं अध्यक्षांनी ठरवावं. कुणाला पटला, कुणाला नाही, आमच्या घरातच दोन मतं पडली. पण ऐकून घेतलं, कारणं लिहून दिली. हेच कोर्ट आणि आमच्या सत्तेचाळीस नंबरचं कोर्ट, एकाच बिल्डिंगमधलं.

म्हणून माझी मागणी. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या बिल्डिंगमध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. त्या दिवशी पेढे वाटले आम्ही, ज्यानं मुंबईचे हेलपाटे मारलेत त्यालाच त्या पेढ्याची गोडी कळेल. आता लोक म्हणतात सुप्रीम कोर्टाचं पण बेंच मुंबईला आणा. मी पण म्हणतो आणा, पण त्यामागचं माझं कारण फक्त प्रवास वाचणं एवढं नाही. अपिलाचं काम दिल्लीबाहेर गेलं तर दिल्लीत घटनेच्या कामाला जागा होईल. लॉ कमिशननं २००९ सालीच २२९ व्या अहवालात हे सांगून ठेवलंय, दिल्लीत घटनापीठ कायम ठेवा आणि अपिलांसाठी चार दिशांना चार बेंच काढा, पश्चिमेचं मुंबईत. १९८६ साली खुद्द सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांनी वेगळं राष्ट्रीय अपील कोर्ट असावं असं लिहिलं होतं, आणि २०१६ ला तोच प्रश्न परत घटनापीठाकडं पाठवला गेला. दक्षिण आफ्रिकेत तर घटनेचं कोर्ट जोहान्सबर्गला आणि अपिलाचं ब्लूमफाँटेनला, दोन वेगळी गावं, आणि तिथला कायदा काही कोसळला नाही.

यासाठी घटना बदलायची पण गरज नाही. कलम १३० सांगतं की सुप्रीम कोर्ट दिल्लीत बसेल किंवा राष्ट्रपतींच्या मान्यतेनं सरन्यायाधीश ठरवतील त्या ठिकाणी. अडलंय ते कोर्टाच्या स्वतःच्या तयारीवर, फुल कोर्टानं, म्हणजे सगळ्या जजांनी मिळून, आजवर दिल्लीबाहेर जायला वेळोवेळी नकार दिलाय. त्यांचं म्हणणं मला कळतं, चार ठिकाणी चार बेंच झाली तर एका कोर्टाचं वजन राहणार नाही, एक बेंच एक सांगेल, दुसरं दुसरं. पण हे आज एकाच बिल्डिंगमध्ये होतंच आहे, वर दोन उदाहरणं दिलीत. आणि घटनेचं काम दिल्लीतच ठेवलं तर वजन उलट वाढेल. एक भीती मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. मुंबईला बेंच आलं की आमच्यासारखे आणखी हजारो भाऊ तिथं जातील, जवळ आहे म्हणून. म्हणून बेंचबरोबर चाळणी पण कडक हवी, आणि खालच्या वकिलांनी पक्षकाराला आधीच स्पष्ट सांगायला हवं की बाबा, यात कायद्याचा मुद्दा नाही, घरी बस, भावाशी बोल. आम्हाला असं कुणी सांगितलं असतं तर चुलतभावाच्या पोरांशी वीस वर्षं तोंड फिरवून राहिलो नसतो. आता बोलणं सुरू झालंय, गेल्या दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला गेलो होतो, आणि विहिरीचं पाणी आठवड्यातले दिवस वाटून घेतलंय, कागदाशिवाय.

कुणी म्हणेल १३६ कलमच बंद करा. तसं नको. फाशीची केस, खोट्या गुन्ह्यात अडकलेला माणूस, हायकोर्टाची उघड चूक, अशा माणसाला शेवटचं दार उघडं पाहिजेच. दार उघडंच राहू द्या, फक्त त्या दारातून आत जाणाऱ्या गर्दीनं घरातलं मुख्य काम थांबू नये.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात साहेब. एक, बातमी देताना एसएलपी फेटाळली का निकाल दिला, किती जज बसले होते, कारणं दिली का, हे एका ओळीत लिहीत जा, हेडिंगमध्ये पण. दुसरं, सीमाप्रश्नाच्या दाव्याची तारीख कधी लागली, त्या दिवशी काय झालं, ऐकलं का पुढं ढकललं, एवढं दर वेळी छापा, आतल्या पानावर का होईना, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या खासदारांना कलम १३० बद्दल त्यांचं म्हणणं काय ते विचारा आणि छापा.

मावशीची ट्रंक आता माझ्याकडं आहे. तिच्या नातवानं आणून दिली. २००४ पासूनची कात्रणं तारीखवार लावलीत, तुमच्या पेपरातलीही बरीच आहेत, काहींवर तिनं पेन्सिलीनं खुणा केल्यात. छापायला उपयोग होणार असेल तर कळवा, फोटो काढून पाठवतो.

आपला,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, ता. कागल